हिरड्याच्या पलीकडे

पुण्याच्या स्टेशनातून गाडी हलली तेव्हा लक्षात आलं, की छत्री, कानटोपी आणि बायकोने बांधून दिलेल्या दशम्या घरीच राहिल्या आहेत आणि कोटाच्या डाव्या खिशात शिटी मात्र आहे. शिटी फुंकायचं माझं काम गेल्या उन्हाळ्यातच संपलं. पण जी वस्तू वीस वर्षं एका खिशात राहिली ती निवृत्तीचा हुकूम थोडाच वाचते?

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवी. शर्यतींचा कोच झालो तो घड्याळामुळे. सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या माझ्या घड्याळाला सेकंदाचा काटा होता आणि तो चालत होता. प्रिन्सिपॉलसाहेबांच्या दृष्टीने एवढी पात्रता पुरे होती. "पोरं पळवायची आहेत, तुम्हाला थोडंच पळायचंय?" ते म्हणाले. ते खरंच होतं. जन्मात मी पळालो तो फक्त गाडी पकडायला, आणि तीही बहुधा सुटली.

दर मार्गशीर्षात आमची क्रॉस-कंट्री, म्हणजे रानातली शर्यत, लोणावळ्याला होई. पोरं स्टेशनाजवळच्या मैदानातून सुटत, कुसगावची भातखाचरं ओलांडून डोंगर चढत, माथ्यावरच्या एकट्या हिरड्याच्या झाडापाशी मुंग्यांएवढी दिसत आणि पलीकडे नाहीशी होत. मग डोंगराला वळसा घालून दुसऱ्या अंगाने मैदानात परत. मी घड्याळ धरून मैदानात उभा. शर्यतीचा आरंभ माझा, शेवट माझा, आणि मधली सगळी शर्यत डोंगराची.

आता या वयात हा डोंगर चढायचं मनात का आलं, ते सांगतो. माझ्या पोरांत एक ढांग्या होता. खरं नाव रघुनाथ, पण पाय असे, की वर्गात बसला तर पुढच्या बाकावरचा अडखळून पडे. तो लष्करात गेला. सिंगापूर पडलं तेव्हापासून त्याचा पत्ता नाही. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याची चिठ्ठी नाही. मागल्या महिन्यात त्याचे वडील माझ्याकडे आले, चहा निवेपर्यंत गप्प बसले आणि म्हणाले, "सर, तो तुमच्याजवळ फार असे. त्याचं काहीतरी सांगा ना." मी तोंड उघडलं आणि ध्यानात आलं, की माझ्याजवळ आहे ती त्याची जाताना दिसलेली पाठ आणि येताना दिसलेला घामाघूम चेहरा. ज्याला वर्षानुवर्षं पळवलं, त्याला पळताना मी धड पाहिलंच नव्हतं. वडील रिकाम्या हाताने परत गेले. तो मधला तुकडा निदान पाहून तरी यावा, म्हणून निघालो.

लोणावळ्याला उतरलो तो भूक लागलेली. दुकानातून गुडदाणी (गूळ-शेंगदाण्यांची वडी) घेतली आणि पहिल्याच घासाला एका दाढेने राम म्हटला. गाल धरून बाहेर आलो, तर समोर टांगा.

"मास्तर! वळखलं न्हाई व्हय?" टांग्यावरचा पांढऱ्या दाढीचा माणूस हसत होता. "मी कासम. करवंदीच्या जाळीतून तुमाला वडून काडलं ते कोन?"

ओळखलं. न ओळखून सांगतो कुणाला! शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी, पोरं डोंगराआड काय करतात ते पाहावं म्हणून मी हळूच वर निघालो होतो. अर्ध्या चढावर करवंदीच्या जाळीआड लपलो आणि तिने मला धोतरासकट धरून ठेवलं. पोरं पळून परत आली, कॉलेजने ढाल जिंकली, आणि मग सगळ्यांनी मिळून कोच शोधला. त्यानंतर मी मैदान सोडलं नाही.

"शर्यत जितली पोरांनी अन् नाव झालं तुमचं," कासमभाई म्हणाले. "आजून लोक ती जाळी दावत्यात."

वीस वर्षांच्या सेवेचं हे माझं स्मारक! कासमभाईंनी कुसगावापाशी सोडलं, भाडं घेतलं नाही, वर हातात काठी दिली. "जाळीच्या डाव्या अंगानं जावा," एवढंच बजावलं.

भात कापून झालेलं होतं. खाचरांत नुसती धसकटं, बांधावर पेंढ्याच्या उडव्या (रचलेले ढीग), आणि हवेत सुक्या गवताचा तो वास. हाच वास पोरांच्या अंगाला येई, परत आली की. मी डाव्या अंगानेच गेलो. जाळी चुकली, पण एक म्हैस भेटली. तिने वाट सोडली नाही, म्हणून मी सोडली आणि खाचरातल्या उरल्यासुरल्या चिखलात एक वहाण अर्पण केली. ती काढून, पुसून, पुन्हा घालून, दर दहा पावलांवर 'आता देखावा पाहू' असं स्वतःला फसवत माथ्यावर पोचलो. हिरड्याला हात लावला. इथपर्यंत माझी नजर दर वर्षी आली होती. इथून पुढे डोंगराचं राज्य.

त्या राज्याची मी मनात काय काय चित्रं काढली होती! दऱ्या, कडे, पोरांची जिवाची शर्थ. पलीकडे पाहिलं तर साधा उतार, दूर धरणाच्या पाण्याचा एक तुकडा, आणि खाली कौलारू घर, खळं, दावणीला वासरू. खरं सांगायचं तर थोडा रागच आला.

खळ्यावर एक म्हातारी बाई नाचणी पाखडत होती.

"कुटं चाललात आबा? वाट चुकला जनू."

"नाही मावशी. कॉलेजची मुलं इथूनच पळत जायची ना?"

सूप थांबलं. तिची नजर माझ्या खिशातून लोंबणाऱ्या शिटीच्या दोरीवर गेली, मग चिखलाच्या वहाणेवर, मग तोंडावर.

"तुमी त्यांचं मास्तर व्हय?"

"हो."

"मंग आत्ता येताय?"

तिने मला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझी पोरं दर वर्षी इथे टेकत, ताक पीत, चुलीपुढे हात शेकत आणि मग उठून पळत.

"अन् जाताना म्हनायची, मावशी, आमचं मास्तर मागून पळत येत्यात, त्यांचा वाटा ठेवा. मागच्याचा वाटा ठेवावाच लागतोय. मी आपला गडू भरून झाकून ठिवायची. दिस मावळंपातूर तुमची वाट बगायची अन् मंग वासराला घालायची. तुमच्या ताकावर लय वासरं मोटी झाली, मास्तर!"

उतारावर आपला वेळ का जातो, यावर मी दर वर्षी पोरांना व्याख्यान देत असे. कोकणातून येणारा वारा, त्याने फुप्फुसांवर पडणारा दाब, असा माझा सिद्धांत होता. पोरं गंभीर चेहऱ्याने ऐकत, माना डोलवत. एकाने तर एकदा शंकाही विचारली होती. चोर लेकाचे!

"रागावू नगा पोरांवर," मावशी म्हणाली. माझे डोळे पाहून तिचा तसा समज झाला असावा. राग कुठला! साऱ्या आयुष्यात माझ्याविषयी 'पळत येत्यात' असं कोणी म्हटलं असेल, तर ते त्या पोरांनी, आणि तेही मी ऐकायला नसताना.

तिने गडू भरून दिला. मी घोट घेतला.

"अन् त्यो लांब टांगांचा?" तिने विचारलं. "त्यो कदी बसला न्हाई. दारात हुबा ऱ्हाऊन प्यायचा. म्हनायचा, बसलो तर मास्तर घड्याळ घिऊन वरडत्यात. एकदा तसाच वळला अन् चौकटीवर डोकं हापटलं. म्या म्हनलं, वाकून जा रं बाबा, आमचं दार बुटकं हाय. तर म्हनतो कसा, दार न्हाई मावशी, मीच जास्ती झालोय! अन् हासतोय, हासतोय, मिशीला ताक तसंच. तसाच पळाला." तिने वाऱ्यावर हात उडवला. "वळनापातूर हासू येत हुतं त्याचं. कुटं आसतो आता?"

विधान एकतर खरं असतं, नाहीतर खोटं. तिसरी वाट नाही, असं मी कॉलेजात पिढ्यांना शिकवलं. तिथे ओट्यावर, हातात गडू घेऊन, मला कुठलीच वाट दिसेना.

"येतोय मागून," मी म्हटलं.

मावशीने मान हलवली. आत गेली, दुसरा गडू भरून आणला, चौकटीपाशी ठेवला आणि वर ताटली झाकली. मग पुन्हा सूप घेतलं.

उतारावरून मी पळालो. शर्थ वगैरे नव्हे, दुडकी चाल म्हणा. एका हातात काठी, दुसऱ्यात धोतराचा सोगा. वळणावर थांबून शिटी फुंकली. वासराने मान वर केली, बाकी कोणी नाही. मैदानात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. शेवटच्या रेषेवर कोणी घड्याळ धरून उभं नव्हतं, आणि मला ते इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

स्टेशनात धापा टाकत शिरलो. हमाल ओरडला, "आबा, गाडी गेली! किती उशीर केलात!"

हे वाक्य वीस वर्षं मी दुसऱ्यांना ऐकवलं. ऐकायला इतकं गोड असेल याची कल्पना नव्हती. उरलेली सगळी गुडदाणी मी त्या हमालाला देऊन टाकली. तसाही दाढेचा प्रश्न होताच.

पुढच्या गाडीत खिडकी मिळाली. हिरडा बराच वेळ दिसत होता. त्याच्या पलीकडचं इथून कुणालाच दिसत नाही. उद्या सकाळी ढांग्याच्या वडिलांकडे जायचं. या वेळी चहा निवू द्यायचा नाही. चौकटीचं सांगेन, मिशीचं सांगेन, वळणापर्यंत ऐकू येणारं हसू सांगेन. आणि त्याच्या वाट्याचं ताक झाकून ठेवलंय, हेही सांगेन.