मधात खंड नाही ना?

उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि विचारायचं, "आज धरून, का आज सोडून?"

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या इमारतीत मागची कुठलीही तारीख काढायची असली की लोक तळमजल्यावरच्या काकांकडे जात. मोबाइलमध्ये कॅलेंडर असतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण मोबाइल प्रश्न विचारत नाही. काका दोन विचारत. पहिला हा. आणि पेरं मोजून झाली की दुसरा, "मधात खंड नाही ना?"

त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयात रजेच्या टेबलावर गेली. कोण कधीपासून रजेवर, कोण कधी रुजू झाला, कोणाच्या सेवेत खंड पडला. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल मिळाली, आणि ते टेबल मनातल्या मनात उचलून घरी आले. मी इमारतीची सचिव. माझ्या फ्रिजच्या दारावर कायम चार याद्या लटकलेल्या असतात. त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील; त्यांच्यापुढे उगाच काही बोलून चालत नाही. कोणी "अंदाजे" म्हटलं की काका म्हणत, "अंदाजे म्हणजे माहीत नाही. तसं सांगा ना."

एकदा तिसऱ्या मजल्यावरची सून कुरकुरत आली. "काका, आमच्या सासूबाईंना येऊन आज महिना झाला."

"आज धरून?"

"धरून."

"मधात खंड?"

"एक रात्र नणंदेकडे राहून आल्या."

"मंग काहून रडून राहिली वं? खंड पडला. त्याईची हजेरी नव्यानं सुरू."

सासूबाई जिन्यातच उभ्या होत्या. सगळ्यात मोठ्यानं त्याच हसल्या.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी भिवापूरला दिलेली. मुलगा मौद्याला एका ठेकेदाराकडे कामाला होता. चाळिशीचा, लग्न न झालेला, तिथेच एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन एकटा राहायचा. बापाला फोन मात्र वरचेवर करायचा.

त्या सोमवारी संध्याकाळी काका माझ्याकडे बसले होते. गच्चीवरची टाकी आधी कधी धुतली, ते आम्ही काढत होतो. अंगठा अनामिकेवर पोचला आणि त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि फोन पालथा घातला.

"पोरगं आहे. याले गप्पा हाणाच्या राहतात. उद्या करतो."

फोन वाजून वाजून थांबला. आम्ही टाकीची तारीख काढली.

मंगळवारी दुपारी त्यांनी फोन लावला, तर नुसता वाजला. बुधवारी बंद. कामावर असेल, रागावला असेल, असं ते म्हणाले. ठेकेदाराच्या लोकांना वाटलं, नागपूरला घरी गेला. शुक्रवारी खालच्या घरमालकीणबाईंनी दार उघडवलं.

मी गाडी केली, कागदपत्रं एका पिशवीत घातली, सोबत गेले. अशा वेळी मला कामं सुचतात, रडू सुचत नाही. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "झोपेतच हृदय बंद पडलं असावं. चार दिवस झाले असतील."

काकांनी अंगठा करंगळीवर टेकवला. "आज धरून, का आज सोडून, साहेब?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काका, हे अंदाजे असतं."

काकांचा अंगठा करंगळीवरून हलला नाही. पण मला हिशोब कळला होता. शुक्रवार धरून मोजलं तर मंगळवार येत होता. म्हणजे सोमवारचा फोन नेहमीसारखा होता, गप्पांचा. शुक्रवार सोडून मोजलं तर सोमवार. मग तो फोन कशासाठी होता?

तेरवी होईपर्यंत काका घरात फिरताना पेरं मोजत राहिले. मुलीने हात धरून ठेवला, तर दुसऱ्या हाताने मोजत. "आपल्यात गेल्याचा दिवस धरूनच तिसरा करतात ना, ताई? मंग धरूनच झालं ना?" मला विचारत. मी चहा पुढे करत असे.

तेरवीनंतर खोली रिकामी करायला आम्ही पुन्हा मौद्याला गेलो. घरमालकीणबाई अंगणात पाणी भरत होत्या. काकांनी त्यांना एकच विचारलं, पोराची चाहूल शेवटी कधी लागली?

"नळ आला होता त्या सकाळी, भाऊ. वरतं बादली भरल्याचा आवाज आला. मंग काहीच नाही."

"नळ रोज येते?"

"नाही जी. एक दिवस आड. आज आला, आता परवा."

काकांच्या पाठीत कणा आला. अंगठा करंगळीवर टेकला. आज नळ. काल नाही. परवा नळ. पेरं पुढे सरकत गेली, एकाआड एक, दोन्ही हातांवरून. मीही मनात त्यांच्यासोबत मोजत होते. त्या आठवड्याशी आलो, आणि नळ मंगळवारी आला.

"मंगळवार," काका म्हणाले. "मंगळवारी सकाळी पोरगं पाणी भरून राहिलं होतं."

मी दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होते. तो आलाच नाही. काकांनी हात खिशात घातला आणि गाडीकडे चालू लागले.

खोलीतलं सामान मी खाली आणलं; शेवटची गादीची गुंडाळी घेऊन निघाले, तेव्हा घरमालकीणबाई माझ्या मागे फाटकापर्यंत आल्या. "भाऊले सांगाचं राहिलं, बाई. मधात एकदा पाईप फुटला होता. नळ एक दिवस उशिरा आला. तवापासून दिवस बदलले पाण्याचे."

गाडीची काच खाली होती. काका समोर रस्त्याकडे पाहत होते.

गाडी परतीच्या वाटेला लागली. मग काका म्हणाले, "मंगळवार. पक्का." आणि माझ्याकडे बघत राहिले, सही बाकी असल्यासारखे.

"मंगळवार," मी म्हटलं.

नंतर इमारतीत कोणी तारीख काढायला आलं की ते म्हणत, "मोबाइलात पाहून घे गा." थोड्याच दिवसांनी मुलगी त्यांना भिवापूरला घेऊन गेली. तिथून मला त्यांचा फोन येऊ लागला. फार बोलत नसत. "जेवण झालं का, ताई? टाकी धुतली का?" बस, एवढंच. पण दर आठवड्याला यायचा, सोमवारी, संध्याकाळच्या त्याच वेळेला. एकाही सोमवारी खंड नाही. ती वेळ झाली की मी हातातलं काम ठेवून फोनजवळ बसत असे आणि पहिल्या घंटीलाच उचलत असे.

आता सोमवारी फोन येत नाही. त्यांच्या मुलीने कळवलं, त्याला किती सोमवार झाले, ते मी मोजलेलं नाही.