सत्यशीलाचा फास्ट कॉम्प्युटर

मुकुटबनात कोणाला दाखला काढायचा असला, विमा भरायचा असला, की लोक एकमेकांना सांगायचे, "सत्यशीलाकडे जा. वेळ लागन, पण चूक नाई होत." यातलं चुकीबद्दलचं ऐकून सत्यशीलाला बरं वाटायचं. वेळेबद्दलचं मात्र मनात रुतून बसायचं.

बसथांब्यासमोरचं ते सेवा केंद्र तसं बायकांच्या बचत गटाचं. गटात शिकलेली म्हणजे सत्यशीलाच. लग्नानंतर, कडेवर पोरगी घेऊन, एसटीनं वणीला जाऊन तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नवरा उकंडा वणीला कोळशाचा ट्रक चालवायचा, त्याची फेरी कधी संपेल याचा नेम नसायचा. घरचं, पोरीचं आणि केंद्राचं, सगळं ती एकटी ओढायची. गटातल्या बायका तिच्याकडे कौतुकानं पाहायच्या. एरवी कोणाच्याही शब्दावर चार शंका काढणाऱ्या या बायका सत्यशीला बोलली की माना डोलवायच्या.

मग बाजाराच्या रस्त्यावर ऋतिकचं केंद्र उघडलं. काचेचं दार, आत थंडगार हवा आणि टेबलावर काळाभोर चकचकीत कॉम्प्युटर. लोक आधी नुसतं पाहायला गेले, नंतर कामं घेऊन जायला लागले. एक दिवस शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेली कॉलेजची पोरगी पडद्यावर गोलगोल फिरणाऱ्या चाकाकडे पाहत सहज बोलून गेली, "आंटी, तुमचं हे फिरूनच राह्यते. ऋतिकभाऊकडं जातो मी."

पोरगी कागद गोळा करून गेली. सत्यशीला त्या फिरत्या चाकाकडे पाहत बसली. आपल्याला कोणीतरी भर बाजारात जुनी म्हटलं असं तिला वाटलं.

तिनं कॉम्प्युटर एसटीत मांडीवर घेऊन वणीच्या दुकानात नेला. दुकानदारानं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली आणि मान हलवली. "मॅडम, याच्यात आता दम नाही राहिला. प्रोसेसर जुना झाला. नवीन पिढीचा घ्या, विमानासारखा पळंल."

एक प्रश्न तिच्या ओठावर आला होता. मी करते काय, तर फॉर्म भरते, फोटो चिकटवते, कागद छापते. एवढ्याला विमान लागतं का? पण तिनं विचारलं नाही. तो 'नाही लागत' म्हणाला असता, तर जुनाच डबा मांडीवर घेऊन परतावं लागलं असतं. समोरच्या मांडणीत ऋतिककडे होता तसाच काळा कॉम्प्युटर दिसत होता. तिनं भाव विचारला.

अडचण एकच होती. गटाच्या शिलकीतून तिखट कुटायची मशीन घ्यायचं आधीच ठरलं होतं, आणि ते ठरलं होतं लालीबाईसाठी. लालीबाई तांड्यावरची. लहानथोर सगळे तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचे. सत्यशीलाही म्हणायची. जन्मभर कापूस वेचून याडीच्या बोटांची पेरं सुजली होती, सकाळी मूठ वळत नव्हती. वेचणी आता तिच्यानं होत नव्हती, पण मशीनवर बसून तिखट-हळद कुटून देणं झेपलं असतं. तिनं घरापुढचं टिनाचं शेड झाडून सारवून ठेवलं होतं. वायरमन येऊन जागासुद्धा पाहून गेला होता.

गटाची बैठक अंगणवाडीच्या ओट्यावर भरली. सत्यशीला पुष्कळ बोलली. लोक ऋतिककडे चालले, केंद्र बंद पडलं तर गट कशावर चालणार, कॉम्प्युटर फास्ट झाला की गर्दी परत येईल, मशीन काय, पुढच्या वर्षी घेऊ. बोलता बोलता तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. बोलणं संपलं तसं सगळ्यांनी लालीबाईकडे पाहिलं.

लालीबाईनं पदर सावरला. "घे बाप्पा. तू म्हणतं तं खरंच असन. आपल्याले काय समजते त्यातलं."

नवा कॉम्प्युटर आला. बायकांनी नारळ फोडला. लालीबाईनं पडद्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. सत्यशीलाच्या घरात ती रीत नव्हती, पण तिनं नको म्हटलं नाही. बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदा उजळला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माणसं बसलेली असताना सत्यशीलानं साइट उघडली आणि चाक फिरायला लागलं. तेच चाक. पडदा मोठा असल्यानं आता मागे बसलेल्यांनाही दिसत होतं एवढंच.

"सर्वर डाउन आहे," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. पण जुन्या कॉम्प्युटरवरही हेच खरं होतं, आणि हे तिला ठाऊक होतं. दवाखान्याच्या आशाताईंचं नोंदीचं काम असलं की ती मुद्दाम पहाटे, रांगोळीच्याही आधी, केंद्र उघडायची. त्या वेळी सगळं गाव झोपलेलं, साइट मोकळी. जुना डबासुद्धा झर्रकन फॉर्म पुढे न्यायचा. दुपारी सगळा जिल्हा एकाच दारात उभा राहिला की चाक फिरायचं. हातातला कॉम्प्युटर कितीही तरतरीत असला तरी दार पलीकडूनच उघडणार होतं. वर्षानुवर्षं ती हे पाहत आली होती. ओट्यावर बोलताना तिनं ते स्वतःला आठवू दिलं नव्हतं, इतकंच.

उन्हाळा लागला. घराघरांत मिरच्या वाळायला पडल्या. लालीबाईनं मशीनची वाट पाहिली नाही. वणीकडच्या एका मसाल्याच्या कारखान्यात ती रोजानं जायला लागली. पुड्या भरायच्या, पोती झटकायची. सकाळच्या एसटीसाठी ती थांब्यावर येऊन बसायची, म्हणजे बरोबर केंद्रासमोर. संध्याकाळी उतरायची तेव्हा लुगड्यावर लाल धूळ, डोळे सुजलेले आणि शिंकांवर शिंका. सत्यशीलानं खुर्ची अशी फिरवून घेतली की खिडकीतून थांबा दिसू नये. तरी शिंका ऐकू यायच्याच.

एकदा पाणी प्यायला लालीबाई आत आली. पडद्यावरचे रंग पाहून हसली. "मस्त चमकून राह्यलं वं हे. फास्ट चालते ना आता?"

"हाव," सत्यशीला म्हणाली.

लालीबाई पाणी पिऊन गेली. त्या दिवशी सत्यशीलानं जेवणाचा डबा उघडला नाही. त्यानंतर थांब्यावर शिंक ऐकू आली की तिला आपलं ते 'हाव' आठवायचं.

जुना कॉम्प्युटर तिनं गावच्या शाळेला दिला होता. सकाळची शाळा सुरू झाल्यावर तिथल्या दिपाली मॅडमनी तिला मुलांच्या नोंदीच्या कामाला मदतीला बोलावलं. वर्गात कोपऱ्यात तो डबा चालू होता. त्यावर पोरं चित्रं काढत होती, गाणी लावत होती आणि एवढं सगळं करूनही तो अडत नव्हता.

"मॅडम, हा तोच का?"

"तोच की. काही नाही केलं ताई. आतली धूळ पुसली, नको ते भरलेलं सगळं काढून टाकलं आणि माझ्या भावाकडून एक छोटी डिस्क बदलून घेतली. आपल्या कामाला आणखी काय लागतं?"

सत्यशीलानं साइट उघडली. सकाळची वेळ होती. पान लगेच आलं. एकामागून एक नोंदी झाल्या. मॅडम खूश झाल्या, चहा मागवते म्हणाल्या. सत्यशीलाला तिथं बसवेना. डोकं दुखतं असं सांगून ती निघाली आणि उन्हातून घरी येईपर्यंत तिला कोण भेटलं, कोण बोललं, काही कळलं नाही.

उकंडा त्या दिवशी घरी होता. तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग तुहा काय गुन्हा? दुकानदारानं फसवलं तुले."

"त्यानं नाई फसवलं. त्याले मी विचारलंच नाई."

"काहून?"

"मले तो पाहिजे होता. ऋतिकसारखा." हे पहिल्यांदाच तिनं मोठ्यानं म्हटलं.

पुढच्या बैठकीत तिनं बायकांना सांगून टाकलं. कॉम्प्युटर नव्हता लागत, जुना साफ करून चालला असता, आणि केंद्रात उशीर होतो तो साइटमुळे, हे मला तेव्हाही माहीत होतं. गटातल्या सगळ्यात वडील इंदुताई उसळल्या, "माहीत होतं तं तवा काहून नाई बोलली? आमी काय तुह्या तोंडाकडं पाहाले बसलो होतो?"

सत्यशीला लालीबाईकडे पाहायचं टाळत होती. लालीबाईच बोलली, आवाज न चढवता. "मी थांब्यावरून पाहून राह्यली होती ना. लोकं पह्यलेसारखेच ताटकळत बसते. मले वाटलं, माहीच नजर कच्ची झाली असन. तुले विचारलं तं तू हाव म्हणली. मंग मी म्हटलं, हाव असन."

कोणी शिव्या दिल्या असत्या तर सत्यशीलाला सोसलं असतं. या बाईनं आपल्या डोळ्यांवरचा विश्वास काढून तिच्या शब्दावर ठेवला होता.

नवा कॉम्प्युटर विकायचं ठरलं. वणीत नयन नावाचा पोरगा लग्नांचे व्हिडिओ करायचा. त्याचा कॉम्प्युटर एका लग्नाचा व्हिडिओ तयार करायला दिवस दिवस घ्यायचा, मध्येच बंद पडायचा. सत्यशीलासमोर त्यानं वरातीचं चित्रण त्या काळ्या कॉम्प्युटरवर लावलं, रंग बदलले, तुकडे जोडले, आणि काम इतक्या लवकर झालं की तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "ताई, हा तुमच्याकडं नुसते फॉर्म भरत होता?" त्याच्या मनात टोमणा नव्हता. सत्यशीलानं मान खाली घातली. त्यानं आपला जुना कॉम्प्युटर आणि बाकीची रक्कम दिली. जी तूट आली ती आपल्या मानधनातून भरायचं सत्यशीलानं स्वतःहून कबूल केलं. नयनचा तो जुना कॉम्प्युटर दिपाली मॅडमच्या भावानं साफ करून दिला, आणि केंद्राच्या कामाला तो पुरून उरला. सत्यशीला आता पहाटेच केंद्र उघडते. दारावर तिनं लिहून लावलं आहे, सकाळी या, काम लवकर होईल. काही लोक येतात. काहींना अजूनही ऋतिकचीच थंड हवा बरी वाटते.

तिखटाची मशीन आली, पण तोवर मिरचीचा हंगाम सरला होता आणि लालीबाईही गावात नव्हती. मसाल्याच्या धुळीनं तिला दमा धरला होता. डॉक्टरनं तिखटाजवळ जायचंच नाही असं सांगितलं. लेकीनं तिला पांढरकवड्याला नेलं. मशीन आता इंदुताई चालवतात.

सत्यशीला तिला भेटायला पांढरकवड्याला गेली. परत गावी चल म्हणायला गेली होती, पण बाजेवर बसलेल्या लालीबाईचा श्वास ऐकून ते शब्द तोंडातच राहिले. "याडी, माह्याच्यानं चुकलं," एवढंच ती म्हणाली.

"हाव, चुकलं," लालीबाई म्हणाली. चहा झाला. निघताना लालीबाईनं तिला थांबवलं. "माह्या पेन्शनीचं ते अंगठ्याचं काम राह्यलं हाय. इथी कोणाची ओळख नाई मले. मी तुह्याकडंच येतो."

आणि ती आली. लेकीनं तिला बसमधून उतरवून केंद्रात बसवलं आणि ती स्वतः थांब्यावर जाऊन थांबली. सकाळचीच वेळ होती, साइट लगेच उघडली. सत्यशीलानं अंगठ्याचं छोटं यंत्र पुढे केलं. लालीबाईनं अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. कापसाच्या बोंडांनी आणि मिरचीच्या पोत्यांनी अंगठ्यावरच्या रेघा पुसून टाकल्या होत्या. आता यात कोणता कॉम्प्युटर काय करणार होता.

सत्यशीलानं फडकं ओलं केलं, तो सुजलेला अंगठा दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू पुसला. ती एक बोट झालं की दुसरं घेत होती, घाईघाईनं, जणू उशीर झाला तर कोणीतरी उठून जाईल.

"कायले एवढी घाई करते?" लालीबाई म्हणाली. "मी बसली आहो."

शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. पडद्यावर हिरवी खूण आली. सत्यशीलानं ती पाहिली, पण तिनं लालीबाईचा हात लगेच सोडला नाही, आणि लालीबाईनंही तो काढून घेतला नाही. बाहेर थांब्यावर पांढरकवड्याची बस लागली तेव्हा लेकीनं आत डोकावून हाक मारली.