बनूबाईचं एक दिवस आड

बनूबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडच्या चाळीत तिची खोली. चाळ उठायच्या आत नवऱ्याला खाटेवरून उठवायचं, त्याचं सगळं आवरायचं आणि मग बदलापूरला, कुळगावातल्या आमच्या बांधकामावर यायचं. नवरा हरिचंद्र कारखान्यात फिटर होता. एकोणनव्वद साली अर्धांगवायूनं त्याची उजवी बाजू गेली.

मी गवंडी. बनूबाई वीस वर्षं माझ्या हाताखाली घमेली वाहत होती. भरलं घमेलं डोक्यावर घेऊन तीन मजले न थांबता चढायची. तिच्या अंगात ताकद आहे, असं आम्ही सगळेच समजत होतो. तीही.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात हरिचंद्राला उचलताना तिची कंबर धरली. दोघंही पडले. बातमी मुरबाडकडच्या गावी गेली आणि धाकटा दीर धोंडिबा आला.

"वहिनी, दादाला गावाला नेतो. तुमच्यानं होत नाही आता."

"तिकडं त्यांना उठवणार कोण? तुम्ही दोघं नवराबायको दिवसभर शेतावर."

"पडवीत खाट टाकतो. पडून राहील."

हरिचंद्र भिंतीकडं तोंड करून होता. बनूबाई म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबा, भाऊजी. नाही जमलं तर न्या."

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. बनूबाई कंबर दाखवायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "घमेलं डोक्यावर कोण ठेवतं?"

"भरणारा उचलून देतो. सगळीकडं तशीच रीत."

"तेच तर. वीस वर्षं ओझं वाहिलंत, पण वाकून जड उचललं नाहीत. पाठीला त्याची सवयच नाही."

त्यांनी पाच किलो वाळूची पिशवी करायला सांगितली. गुडघे मोडायचे, पाठ सरळ, पिशवी अंगाजवळ. आठ वेळा उचलायची, थांबायचं, असं तीनदा. एक दिवस आड. आठवड्याला थोडी वाळू वाढवायची.

एक दिवस आड, हेच बनूबाईनं ऐकलं नाही. मजुराला खाडा म्हणजे चोरी वाटते. तिनं रोज पिशवी उचलली, वर कामावर घमेलंही स्वतःच जमिनीवरून उचलू लागली.

घमेली भरणारा सदू म्हणाला, "बनूबाई, कुस्तीला उतरताय का? आखाडा सांगा, नारळ आणतो."

"आधी फावडं मार नीट. निम्मं घमेलं भरतोस आणि तोंड पूर्ण चालवतोस."

नवव्या दिवशी कंबर पुन्हा धरली. चार दिवस ती झोपून होती. दवाखान्यातल्या बाईंनी बोलून घेतलं. म्हणाल्या, "उचलता त्या दिवशी अंग झिजतं. थांबता त्या दिवशी भरतं. आणि मालकांनाही कामाला लावा. डावी बाजू धड आहे ना?"

त्यानंतर तिनं एकही दिवस जास्त केला नाही, एकही कमी केला नाही. हरिचंद्राला खाटेच्या कडेला बसवायची आणि डाव्या पायावर जोर देऊन उठायला लावायची.

"या वयात पैलवान करतेस का मला?"

"पैलवान नका होऊ. उठा. हे तिसरं."

"पाचवं होतं."

"पहिली दोन मी उचललं तुम्हाला. ती धरत नाही मी."

बरोबर होतं तिचं. मीही धरली नसती.

पावसाळा संपेपर्यंत पिशवी पंचवीस किलोची झाली. तिची कंबर दुखायची थांबली, झोप लागू लागली. जिन्यावर गुडघा करकरायचा, तोही गप्प झाला. हरिचंद्राचा उजवा हात परत आला नाही. पाय थोडा आला.

दिवाळीला धोंडिबा आला. बनूबाईनं नवऱ्याच्या कमरेला नुसता हात लावला. हरिचंद्र दोनदा मागं बसला. तिसऱ्यांदा उठला, आणि भिंतीला खांदा लावून दारापर्यंत गेला. धोंडिबा खाटेपाशी बसला. खाटेची सुंभं सैल झाली होती, ती आवळून दिली आणि संध्याकाळच्या एसटीनं एकटाच परत गेला.

पुढं चार वर्षं ती कामावर होती. साठवलेल्या मजुरीतून तिनं लोखंडी पाइप घेतला. खोलीच्या दारापासून चाळीच्या टोकापर्यंत, हरिचंद्राच्या डाव्या हाताच्या उंचीला, तो मी भिंतीत बसवला.