उकळून गार केलेलं पाणी

गॅरेजमध्ये त्याला सगळे टाकी म्हणायचे. डायलिसिसच्या काळात अंगात पाणी साठून त्याचं तोंड इतकं सुजायचं की डोळे शोधावे लागत. तेव्हा मालकाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. टाकीचं काम ट्रकच्या रेडिएटरचं. गळती शोधायची, झाळायची, मग पाणी भरून बघायचं. दिवसभर लोखंडाच्या पोटात बादल्या ओतणाऱ्या या माणसाला स्वतःला घोटाघोटाचा हिशोब होता. नळाजवळ दिसला की थोरली बहीण हातातला पेला हिसकावून घ्यायची.

मग त्याच बहिणीने त्याला आपली किडनी दिली. आईबापामागे शिलाई मशीनवर पाय झिजवून तिनेच त्याला वाढवलं होतं, त्यात स्वतःच्या लग्नाचं राहून गेलं. ऑपरेशननंतर तो तिचा हात धरून ढसाढसा रडला. ते रडणं खरं होतं. रडणं खरंच असतं हो, टिकत नाही एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर प्या, गोळ्या वेळेवर घ्या, दारू विसरा. यातला एकच शब्द टाकीच्या डोक्यात राहिला, भरपूर.

ताई रोज सकाळी पाणी उकळायची, गार करायची आणि तीन बाटल्या त्याच्या पिशवीत घालायची. संध्याकाळी पिशवी उघडून विचारायची, "तिन्ही संपवल्यास?"

"तिन्ही."

बाटल्या घासून ती खिडकीत पालथ्या घालायची आणि समोरच्या घरातल्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "माझा भाऊ ऐकतो हं माझं."

इकडे भावाचं शास्त्र वेगळं होतं. इतकी वर्षं पाण्यासाठी तडफडल्यावर आता मिळालेलं पाणी त्याला बेचव लागायचं. दुपारी पत्रे तापले की तो गॅरेजमागे बिअर उघडून बसे. "पाणी काय नि बिअर काय, पातळी राखली की झालं," तो म्हणायचा. वर पुरावाही होता. बिअर प्यायली की भिंतीआड त्याला सारखं जावं लागे, आणि ज्या माणसाला लघवीचा थेंब महाग झाला होता तो परत येताना असा छाती काढून येई की जणू कुस्ती मारली. बिअर जेवढी आत येते त्याहून जास्त पाणी बाहेर नेते, हे त्याला कळलं नाही. आतून मोकळं वाहतंय म्हणजे यंत्र ठीक, एवढंच त्याचा धंदा त्याला शिकवत होता.

आणि बाटल्या? त्या तो रेडिएटरमध्ये ओतायचा. "उकळलेलं पाणी, क्षार धरत नाही," असं गिऱ्हाइकाला वर ऐकवायचा. पिऊन झोप लागली की संध्याकाळची गोळी खिशातच राही. अंगाचा वास स्पिरिटचा आहे, असं तो ताईला सांगे आणि तिला ते पटे, कारण तिला पटवूनच घ्यायचं होतं.

एके दिवशी उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पाय सुजले. दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "पाणी पीत नव्हता का? दारू घेत होता?"

ताई खवळली. "रोज तीन बाटल्या पितो! मी माझ्या हातांनी धुते. तुमचंच औषध चुकलं असेल." टाकी छताकडे बघत पडून राहिला आणि त्याने तिला भांडू दिलं.

चार लोकांत शोभावं म्हणून मालक भेटायला आला. वातावरण हलकं करावं म्हणून हसत म्हणाला, "ताई, तुमच्या उकळलेल्या पाण्यावर आमच्या गाड्या मात्र थंडगार पळाल्या. आता ते पाणी कुठून आणायचं?"

ताईने भावाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले. ती उठली, डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं."

किडनी गेली. टाकी परत डायलिसिसच्या खुर्चीत, परत घोटाघोटावर आला. मशीनवरून घरी आला की जीभ टाळूला चिकटायची. ताई पूर्वीसारखीच जेवण वाढायची, गोळ्या द्यायची, चादर बदलायची. फक्त आता पेला हिसकावून घ्यायची नाही.

एका दुपारी ती शिवण बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसली. हातात त्याचीच जुनी बाटली होती. एकच किडनी उरलेल्या बाईने पाणी भरपूर प्यायलाच हवं, असं डॉक्टरांनी तिलाही बजावलं होतं. ती सावकाश पिऊ लागली.

"ताई, एक घोट दे ना."

"आजचं तुझं संपलं."

"जीव जातोय गं. तुझ्या भावाचा जीव जातोय."

"मग गॅरेजमध्ये जा," ती शांतपणे म्हणाली. "झाकण उघड आणि माग. माझं सगळं पाणी तिथेच आहे."

तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. तिने शेवटच्या थेंबापर्यंत बाटली संपवली, उठून घासली आणि त्याला नीट दिसेल अशी खिडकीत पालथी घातली.