डोक्यावरची टोपली

ये कविता, जवळ बस. मायचा जलदान विधी आटोपला अन् दुसऱ्याच दिवशी मंचेरियलची गाडी धरली तू! फोन केला की म्हणते, "मावशी, शाळेत परीक्षा हायत." पोरांची परीक्षा घेते, मायची पुरती गोष्टही ऐकत नाहीस. म्हणून इथं पेपरात लिहून राह्यली. पेपर तरी वाचशील...

तुझी माय पायरीवरून पडली नव्हती. ते मी तुले खोटं सांगितलं. तिनंच, शेवंतानं, शपथ घातली होती, "पोरीले कळलं तं बाजार बंद करन माहा." आता ती नाही. शपथ मोडते.

भीमपूरच्या बाजारात आमी दोघी खेटून बसत होतो. तिची अंबाडी, माझ्या मिरच्या. मिरच्या बांधायच्या पेपरावर मी मराठी वाचायले शिकली अन् बसच्या पाट्यांवरून तेलुगू. सरकारचं बजेट आलं की शेवंता म्हणे, "वाच वो, आपली टोपली कोन्या पानावर हाय?" मी वाचत जाई. कारखान्यांना सूट, मोठाल्या सडका, कोटींवर कोटी. "अन् टोपली?" "नाही सापडत." "मंग नीट पाह्य, सडकेखाली दबली असन."

मागच्या साली वरून पंचायतीले पैसाच आला नाही म्हणत. मग बाजाराचा लिलाव चढवला. ज्या ठेकेदारानं तो घेतला, तो आमच्याकडून वसूल करायले लागला. तैबाजारी, म्हणजे बाजारात जागा धरायचा कर. शेटचा कांद्यानं भरलेला टेम्पो, त्याले एक पावती. शेवंताच्या चार जुड्या, तिलेही तेवढीच पावती. "टेम्पो अन् मी एकाच वजनाचे झालो वो!" म्हणून ती हसे, पण दात खाऊन.

पंचायतीच्या भिंतीवर लिलावाचा कागद होता. मीच वाचला. 'जमिनीवर मांडलेल्या मालावर' कर. मी गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. पुढच्या बाजारी डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, अन् बाई सकाळपासून उभी! "घ्या, झाडावरची ताजी तोडा!" लोक हसत, वरून जुडी ओढत, पैसे हातात देत. पावतीवाला फिरून गेला. लिहिलेलं ठेकेदारालेही लागू असते, असं वाटलं आमाले. चूक तीच झाली, अन् ती माझी.

तिसऱ्या बाजारी ठेकेदाराचा माणूस काठी घेऊन आला. "ए बुढ्ढी, नीचे रख!"

"खाली ठेवली तं पावती फाडशीन. नाही ठेवत. जाय."

त्यानं काठी टोपलीवर हाणली. टोपली डोक्यावरच होती, कविता. तिच्या मानेतून कडकन आवाज आला. वाळली फांदी मोडल्यासारखा. ती गुडघ्यावर गेली, अंबाडी पसरली, अन् तो बुटानं जुड्या रगडायले लागला. शेवंतानं तराजूची दांडी उचलून त्याच्या नडगीवर घातली. त्यानं तिचे केस धरून डोकं टेम्पोच्या चाकावर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. मी त्याच्या हाताले चावली. माझ्या तोंडात दात चारच, पण चारी रोवले. रक्ताची चव आली, तरी सोडलं नाही. मग बायांचं मोहोळ उठलं. वजनं, वांगे, चपला, हाती येईल ते. कोणी त्याच्या डोळ्यात माझ्याच मिरच्या चोळल्या. तो "अम्मा, अम्मा" करत शेटच्या टेम्पोखाली सरपटला.

अन् तुझी माय उठली. कपाळ फुटलेलं, डोळ्यात रक्त. चुंबळ शोधली, डोक्यावर ठेवली. म्हणाली, "टोपली दे." मी म्हटलं, "मरशील बाई!" "दे म्हणते ना!" रिकामी टोपली घेऊन उभी राह्यली. तिच्यामागं एकेक करत साऱ्या बायांनी टोपल्या डोक्यावर चढवल्या.

त्या सांजेले पंचायतीनं कागदावर वाढवून लिहिलं, डोक्यावरच्या ओझ्याले कर नाही. कोणाच्या डोक्यात उजेड पडला म्हणून नाही. भेले होते म्हणून.

मान मात्र तिरपी राह्यली ते राह्यलीच. तू विचारलं, "आई, अशी काऊन पाहते?" ती म्हणाली, "तुले नीट पाह्यासाठी." पुढं वर्षभर तशाच मानेनं बाजार केला. गेली तीही बाजाराच्या सकाळी, उंबऱ्यात बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, झटका. मी काय म्हणू... काठीचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

आता पुन्हा लिलाव हाय. नवा कागद काल लागला. दोनदा वाचला. डोक्यावरच्या ओझ्याची ओळ त्यात नाही. बाया विचारून राह्यल्या, आता पुढं कोण उभी राह्यन? पंचायतीत वाचून दाखवायले मी हाय, पण माझा आवाज कापतो.

तिची चुंबळ माझ्या खुंटीले टांगली हाय. तीनदा धुतली, डाग निघत नाही. मधात अजून तिच्या डोक्याएवढा खळगा हाय. लिलावाच्या आधी ये माय. परीक्षा होत राहतील. भाकर टाकून ठेवते, अन् कागद तुझ्या हाती देते. तू शिकली हायस, मोठ्यानं वाचशील.