मिठाच्या कोठारातलं वाचनालय

दत्तूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्यात घरीच होते. रडू नंतर आलं... आधी आला तो संताप. महिना उलटला तरी तो ओसरलेला नाही, आणि ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

पेणच्या वाचनालयात मी ग्रंथपाल, ते शिपाई. खाडीजवळचं मिठाचं जुनं दगडी कोठार आम्हाला मिळालं आणि तिथं काचेच्या दारांचं, संगणकांचं नवं वाचनालय करायचं ठरलं. काकांचं तारुण्य मिठागरात गेलेलं. ते वाचनालयाच्या अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, या भिंतीत मीठ मुरलंय. सिमेंट लावू नका, फुगंल. चुनाच लावा." अध्यक्ष हसले. "काका, तुम्ही कपाटं पुसा." उद्घाटनाची घाई होती. सिमेंटचा गिलावा झाला, वर गुळगुळीत रंग. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात भिंती फुगल्या, पापुद्रे सुटले, भिंतीलगतच्या कपाटांत ओल शिरली आणि पुस्तकांना बुरशी धरली. मग काकांच्या हातात पत्र पडलं: खिडक्या उघड्या ठेवून पुस्तकं भिजवली, सबब कामावरून कमी. ते पत्र घेऊन ते गाडीनं माझ्याकडे आले. चहाला हात लावला नाही. "मी खिडक्या लावल्या व्हत्या गो," एवढंच पुन्हा पुन्हा. मी अध्यक्षांना भेटले, लेखी दिलं, पण पत्र काही मागे घेतलं गेलं नाही. बाजारात कुणीही विचारायचं, "पुस्तकं भिजवलीस म्हणं, दत्तू?" काकांनी बाजारात जाणंच सोडलं... वर्षभरात संपले.

शोकसभाही त्याच वाचनालयात. अध्यक्ष "या वास्तूचा आत्मा हरपला" म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. मी उठले, काकांनी माझ्याकडेच ठेवलेलं ते पत्र त्यांच्या सहीसकट वाचून दाखवलं. मग त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर नख फिरवलं. पांढरी भुकटी पत्रावर पडली. ते तसंच त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, चाखून बघा." सभेला निम्मी माणसं मिठागरातली, ती उठून उभी राहिली. अध्यक्षांनी नाइलाजानं चिमूट जिभेवर ठेवली. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

"खारट आहे," ते पुटपुटले.

पुढच्याच रांगेत काकांची बायको बसली होती.

"मोठ्यानं बोला," काकू म्हणाली. "मागं कुणाला आयकू आलं नाय."