न्हाणीघर होईपर्यंत

आईला एकाच गोष्टीची हौस होती. माझं पहिलं बाळंतपण माहेरी, तेलुगू मुलखातल्या इचोड्याच्या आमच्या घरी व्हावं आणि बाळाला तिनं आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालावं. मला दिवस गेल्याचं कळताच बाबांनी परसातलं जुनं संडास-न्हाणीघर पाडायला काढलं. नवं घराला जोडून होणार होतं, कमोड, गीझर, सगळं. मेस्त्रीनं पाडायचं काम चुटकीसरशी उरकलं आणि हायवेवरच्या एका ढाब्याचं मोठं काम मिळताच तो गायब झाला. बाबा फोन करत, तो तेलुगूत "रेपु" म्हणे, म्हणजे उद्या. त्याचा उद्या काही उजाडेना. जन्मभर कचेरीत आवाज चढवून नोकरी केलेले माझे बाबा त्याच्याशी मात्र गोडीगुलाबीनं बोलत, कारण दुसरा मेस्त्री मिळत नव्हता.

तोवर भागवाभागवी. परसात बाज उभी करून तिच्यावर जुनं लुगडं टाकलं की झाली न्हाणी. शेजारी विटांची चूल, तिच्यावर पाणी तापवायला गंज, म्हणजे मोठं पातेलं. संडासला शेजारणीकडे जायचं, तेही तिची मुलं शाळेत गेल्यावर. आमच्याकडची थंडी हाडं गोठवणारी. आई त्या बाजेआड कुडकुडत अंग धुवायची आणि मला फोनवर सांगायची, "आमचं काय व, आमी कसंबी भागवून राह्यलो. तू येशील तवा सगळं झालेलं राहीन." आपल्या मऊ सुती साड्या फाडून ती बाळासाठी दुपटी शिवत होती.

डोहाळजेवण माहेरी ठरलं. त्यानंतर मी तिथंच राहायचं होतं. नागपूरहून सासूबाई आल्या, हात धुवायला मागे गेल्या आणि त्यांनी बाज पाहिली. जेवणं झाल्यावर त्यांनी आईचा हात हातात घेतला. "इहीनबाई, राग नका मानू. ओल्या बाळंतिणीला इथं कसं ठेवता? आमच्याकडेच राहू द्या तिला."

"होऊन जाईन न महिनाभरात," आई म्हणाली. बाबांनी मान खाली घातली. मला सासूबाईंचा राग आला, आणि त्या बरोबर बोलत होत्या याचा जास्त आला.

मुलगी नागपूरला झाली. आई दुपट्यांची पिशवी घेऊन आली आणि पाहुण्यासारखी चार दिवस राहिली. न्हाऊ घालायला सासूबाईंनी पगारी बाई ठेवली होती. ती पोरीला पायांवर घेऊन तेल जिरवायची आणि आई दारात उभी राहून, "मान धरा बाई, मान," एवढंच म्हणायची. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

न्हाणीघर पूर्ण झालं तेव्हा लेक धरून धरून चालायला लागली होती. मी तिला घेऊन इचोड्याला गेले. पांढऱ्या फरश्या, नळाला गरम पाणी. आईनं बादली भरून घेतली, साडी गुडघ्यांवर ओढली, खाली बसून दोन्ही पाय लांब केले. "आन व तिला."

मी पोरीला तिच्या पायांवर आडवं केलं. ती ताठ झाली, किंचाळली आणि सरकत येऊन माझ्या गळ्याला बिलगली. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. आजी तिच्या ओळखीची नव्हती, आणि आडवं पडून न्हायचं तिचं वयही निघून गेलं होतं.

"राहू दे. काऊन रडवतं तिला," आई म्हणाली.

मी पोरीला घेऊन बाहेर आले. आई मात्र उठली नाही. पाय तसेच लांब ठेवून ती त्या रिकाम्या पायांवर तांब्या तांब्या पाणी ओतत बसली.